वैरणीची ओळ

“दारात उभा कोण, सुगत गं माझा बाई…”

हा आवाज चैतालीच्या कानात कधी शिरला ते तिला सांगता यायचं नाही. बोलायला लागायच्या आधीच शिरला असावा. बेंबळीच्या घरात पहाटे लाईट नसायची. चिमणीचा उजेड भिंतीवर पाण्यासारखा हलायचा आणि सुमनआत्या एक पाय लांब सोडून, एक दुमडून जात्यावर बसलेली असायची. लांब सोडलेल्या पायावर चैतालीचं डोकं. जात्याची घरघर आधी आत्याच्या मांडीत यायची, मांडीतून हिच्या गालात, गालातून दातांत, आणि मग त्या घरघरीवर तरंगत आवाज यायचा. आवाज काही गोड नव्हता. किंचित फाटलेला, धुतलेल्या घोंगडीसारखा खरबरीत. पण ‘बाई’ला पोचला की असा लांबायचा, की वाटावं आत्या शिवाराच्या पलीकडं कुणाला तरी हाळी घालतेय. मग खुंटा एका हाती राहायचा, दुसरा हात पाटीतली मूठभर तूर उचलायचा, जात्याच्या तोंडात वैरण घालायला आत्या खाली वाकायची, आणि ओवीची दुसरी ओळ त्या वैरणीबरोबरच जात्यात जायची. चैतालीला ती ओळ कधी नीट ऐकू आली नाही. ऐकावी असंही वाटलं नाही. तिथवर येईपर्यंत तिचा डोळा लागलेला असायचा.

तोच आवाज इतक्या वर्षांनी रविवारी भरदुपारी, धाराशिवच्या बसस्टँडसमोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या तिच्याच क्लासात, एका मुलीच्या मोबाईलमधून निघाला. फळ्यावर चैतालीनं नुकतंच लिहिलं होतं: ‘अंगठा थांबला पाहिजे.’ हे तिचं ठरलेलं वाक्य. लोक मोबाईल अंगठ्यानं वर सरकवत असतात, तो अंगठा आपल्या व्हिडिओवर थांबला तर आपण जगलो, नाहीतर पाण्यात. जिथं म्हाताऱ्या माणसांनी कागदावर अंगठे उठवले त्या गावांतल्या पोरांना ती आता लोकांचा अंगठा कसा अडवायचा ते शिकवत होती, आणि हा विनोदही ती प्रत्येक तुकडीला न चुकता सांगायची. सुरुवात कशी हवी, चेहरा कुठं हवा, बोलताना प्रेक्षकाशी एकट्याशी बोलल्यासारखं कसं बोलायचं. आज लूप शिकवायचा होता. शेवट असा कापायचा की तो सुरुवातीला जाऊन मिळाला पाहिजे, बघणाऱ्याला कळताच कामा नये की संपलं आणि पुन्हा चालू झालं; तो बघतच राहतो.

उमरग्याहून येणारी करिश्मा, जी वडिलांच्या साड्यांच्या दुकानाचं पेज चालवायची आणि चैतालीपेक्षा जास्त बोलायची, तिनं हात वर केला. लूप म्हंजे असा पाहिजे बगा मॅडम, म्हणून तिनं मोबाईल उंच धरला. सुरकुतलेला हात, फिरणारा खुंटा, खाली हलका ढोल, आणि ‘दारात उभा कोण, सुगत गं माझा बाई, दारात उभा कोण…’ कुठं सांधा नाही, कुठं श्वास नाही. कुणी केलंय काय की, नाव कुठं दिसत नाही, पण म्या तर रिंगटोन ठिवलीय, करिश्मा म्हणाली. मागं कुणीतरी मान डोलावत होतं. गोल तीन-चारदा फिरून झाल्यावर करिश्मानं सहज विचारलं, “पर मॅडम, ह्या आजी पुढं काय म्हणतात ओ?”

“पुढं सबस्क्राईब करा म्हणत असतील,” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं आणि वर्ग हसला.

चैतालीनं सांगायला तोंड उघडलं. हे माझंच आहे, ही माझी आत्या आहे, एवढं तर सहज म्हणता आलं असतं. पोरांच्या डोळ्यांत केवढी किंमत वाढली असती. पण तिचं मन त्या प्रश्नापाशीच अडलं. पुढं काय? ‘माझा बाई’नंतर काय? ती आत आत चाचपडत गेली, मांडी आली, चिमणी आली, तुरीचा कच्चा वास आला, आत्याच्या पायाचं जोडव्याविना मोकळं बोट आलं, घरघर आली, आणि ‘बाई’ संपून आता दुसरी ओळ येणार तोच ढोल वाजला आणि पुन्हा ‘दारात उभा कोण’. तिनं पुन्हा सुरुवातीपासून आठवून पाहिलं. पुन्हा तेच. तिनं केलेला सांधा तिच्या स्वतःच्या डोक्यात इतका घट्ट बसला होता, की लहानपण त्याच्यावरून घसरून माघारी येत होतं.

क्लास तिनं लवकर सोडला. डोकं दुखतंय म्हणाली. करिश्मानं जाताना बाटलीभर पाणी टेबलावर ठेवलं आणि उन्हाचं फिरू नका म्हणून बजावलं. खाली स्टँडवर तुळजापूरच्या गाड्या लागत होत्या. त्या गावातल्या एका लॉजचं काम तिच्याकडं होतं, रोज एक व्हिडिओ, कवड्यांच्या माळा, गरम पाणी, गाडी लावायला जागा. ते काम आजही बाकी होतं. ती मात्र कॉम्प्युटरसमोर बसून एकेक फोल्डर उघडत होती, आणि उघडतानाच तिला ठाऊक होतं की तिथं काही नाही. मूळ चित्रण तिनंच पुसलं होतं. कच्चा माल जपत बसू नका, जागा अडते, तयार झालं की पुसा, हेही तिचंच वाक्य, फळ्यावर कितीदा लिहिलेलं.

उन्हाळ्यात, बुद्धपौर्णिमेच्या आधी, ती बेंबळीला गेली होती ते याच कामासाठी. पौर्णिमेला काहीतरी आपलं टाकायचं, आपल्या माणसांचं, असं मनात होतं. मनात खरंच होतं, हे ती आज स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होती. आत्या आधी नाही म्हणाली. लोकांस्नी काय दावायचं त्यात, जात्यावरचं आपलं जात्यापाशीच बरं. मग भाची ऐकेना म्हटल्यावर तिनंच जातं झाडलं, पुसलं, वरच्या दगडाचं पाळं बसवलं. चैतालीनं केसाळ टोपीचा माईक तिच्या पदराला लावला तर आत्या दचकून म्हणाली, “हे काय मांजराचं पिलू हाय का गं? चावंल का?” आणि दोघी हसल्या. मग आत्यानं पहिली ओवी बुद्धाला दिली, दुसरी बाबासाहेबांना, मग भावाला, मग भावाच्या लेकीला. चैतालीचं नाव ओवीत आलं तेव्हा कॅमेऱ्याच्या मागं तिचे डोळे भरले होते. आणि सगळ्यात शेवटी, पाटीतली तूर संपत आली तेव्हा, ही. इतक्या ओव्यांतून चैतालीनं हीच का उचलली? तिला तेव्हा सांगता आलं नसतं. या ओवीत आत्याचा गळा वेगळा लागला होता. बाकीच्या ओव्या ती म्हणत होती. ही तिच्याकडून निघत होती. चैतालीच्या हाताला ते कळलं, कानाला कळलं नाही. कापायला बसलं की पडद्यावर आवाजाची रेघ दिसते. पहिल्या ओळीला ती रेघ डोंगरासारखी चढली होती, आणि दुसरीला आत्या वैरण घालायला वाकली तसा सगळा आवाज जात्याच्या घरघरीत बुडाला होता, वाळल्या गवतासारखी एकसारखी करडी रेघ. तिनं दोनदा ऐकून पाहिलं. शब्द लागेनात. मग तिथं खूण केली आणि कापलं. ‘बाई’चं शेपूट ‘दारात’च्या तोंडाला जोडताना मध्ये आत्याचा एक श्वास येत होता, ठेच लागल्यासारखा. तोही काढला. खाली ढोल घातला. वर लिहिलं, ‘तथागताला साद घालणारी आमची आत्या.’

सुगत म्हणजे बुद्ध, हे तिला कुणी शिकवायला लागलं नव्हतं. विहारात सतरंजीवर बसून तिनं घोकलेलं नाव होतं ते. भगवान दारात उभे आहेत आणि एक म्हातारी जात्यावरून त्यांना ओळखते आहे, याहून सुंदर चित्र पौर्णिमेला कुठलं असणार?

पौर्णिमेच्या सकाळी तिनं ते टाकलं, आणि मग ते तिच्या हातात राहिलं नाही. आधी खाली नमो बुद्धाय, जयभीम, आजींना वंदन अशी रीघ लागली. पुणे, नागपूर, कुठून कुठून. वस्तीवरचे लोक दादांना, म्हणजे तिच्या वडलांना, रस्त्यात अडवून सांगायला लागले. दादा निवृत्त पोस्टमन. जन्मभर दुसऱ्यांच्या बातम्या वाटलेला माणूस, त्याला पहिल्यांदा स्वतःच्या घरची बातमी आली होती. त्यांनी स्टेटस ठेवलं, आणि ते काढलंच नाही. मग नुसता आवाज सुटला. चित्र मागं राहिलं आणि आवाज चालू लागला. कुणाच्या उशिरा आलेल्या नवऱ्याला लावला, कुणाच्या कुत्र्याला लावला, जे दारात शेपूट हलवत उभं आहे. ‘सुगत गं’च्या जागी कुणी स्वतःच्या नवऱ्याचं नाव घातलं. लग्नात नवरदेव दारात आला की डीजेवर हेच. चैताली ते सगळं बघायची आणि सुरुवातीला हसायचीही. क्लासात तिनं एकदा उदाहरण म्हणूनही दिलं होतं, बघा, आवाज सुटा झाला पाहिजे, मग त्याला पाय फुटतात. नाव न सांगता दिलं होतं. शिक्षकाला शोभेल असा तो विनय तिला तेव्हा आवडला होता.

आत्याला तिनं दाखवलं ते पौर्णिमेनंतर एका संध्याकाळी, अंगणात. आत्यानं मोबाईल दोन्ही हातांनी धरला, गरम भाकरी धरावी तसा, बोटांच्या टोकांवर. बघत राहिली. गोल फिरून पुन्हा, पुन्हा. चैताली तिचा चेहरा बघत होती, कौतुक कधी उमटतं याची वाट बघत. बऱ्याच वेळानं आत्या म्हणाली, “संपत न्हाय व्हय गं हे?”

“तीच तर गंमत आहे आत्या,” चैताली म्हणाली होती. हसत म्हणाली होती.

आत्यानं मोबाईल तिच्या हातात दिला. बरं हाय म्हणाली, आणि शेळीला पाणी दावायला उठली.

‘बरं हाय.’ एवढंच. त्यानंतर चैताली दोनदा बेंबळीला जाऊन आली, दोन्ही वेळा माईक घेऊन. आत्यानं एकदा गुडघ्याचं निमित्त सांगितलं, एकदा घशाचं. दादा फोनवर बोलता बोलता म्हणाले होते, सुमनबाई आता डाळ मशिनीवर भरडून आणते. पहाटेचं गुणगुणणं पण न्हाय. म्हातारपण म्हणायचं. चैतालीनं ते ऐकलं होतं आणि पुढच्या कामाला लागली होती. आता खुर्चीत बसून तिला ते सगळं एका ओळीत दिसू लागलं, आणि त्या ओळीच्या टोकाला रिकामी जागा. दुसरी ओळ जगात एकाच माणसाकडं होती आणि त्या माणसानं तोंड मिटलं होतं. ते माणूस म्हातारं होतं. चैताली उठली, लॉजवाल्याला उद्या करते म्हणून कळवलं आणि बेंबळीची गाडी धरली.

गाडी भरून होती, बाजार आटपून निघालेली माणसं, मेथीच्या जुड्या, एका बाईच्या मांडीवर कोंबडीची टोपली. खिडकीबाहेर तुरीची रानं काढायला आलेली, काही कापून आडवी पडलेली. चैतालीनं मोबाईल काढला आणि आपल्या पेजवरचा तो व्हिडिओ उघडला. तिच्या सगळ्या कामाची ओळख त्याच्यावर उभी होती. लॉजचं काम त्याच्यामुळंच आलं, पेजवरची निम्मी माणसं त्याच्यामुळंच. तिनं बोट ठेवलं आणि तो काढून टाकला. वाटलं होतं छाती मोकळी होईल. पण पुढच्या वळणावर कुणाचा तरी फोन वाजला आणि गाडीच्या घरघरीवर तरंगत पुन्हा ‘दारात उभा कोण’. मागं वळून बघायचं तिला धाडस झालं नाही. आपण दाणे आपल्या पाटीतून काढले, पेरलेले कसे काढणार?

दादा ओट्यावर बसून पेपर वाचत होते. आई गेल्यापासून ते एकटेच. आत्याचं घर भिंतीला भिंत लावून, जेवण तिच्याकडंच. आई उमरग्याच्या दवाखान्यात नर्स होती तेव्हाही चैतालीला वाढवलं ते आत्यानंच. अवेळी आलीस, म्हणून दादांनी चष्म्यावरून पाहिलं. चैतालीनं चप्पल काढायच्या आधीच विचारलं, ती ओवी, दादा, सुगतची, तिची पुढची ओळ तुम्हाला येते का? दादा म्हणाले, बायांची गाणी, मला कशी येणार? मग पेपराची घडी घालता घालता, सहज, टपालावरचा पत्ता वाचावा तसं ते म्हणाले, “तिच्या सुगतची हाय ती. ती तिच्याच तोंडून ऐकली तर ऐकली.”

तिचा सुगत म्हणजे काय, हे चैतालीनं विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यानंच विचारलं असावं. आत्याला एक मूल झालं होतं, राहिलं नाही, एवढं तिला माहीत होतं. घरात ते तसंच म्हटलं जायचं, ‘झालतं एक, ऱ्हायलं न्हाय’, जणू मडकं होतं. त्याला नाव होतं, ते चालत होतं, बोलत होतं, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. दादांनी थांबत थांबत सांगितलं. नाव त्यांनीच ठेवलं होतं. तोवर घरात कोंडिबा, धोंडिबा असली नावं; पोरगं झाल्याचं कळलं तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या मामानं हट्टानं पत्र लिहून कळवलं होतं, याचं नाव सुगत. आत्याचं सासर उमरग्याच्या पलीकडं. दुष्काळाचं साल होतं. रोजगार हमीच्या खडीवर बायका ट्रकनं नेत होते, मुक्कामीच राहायचं. निघाली तेव्हा पोरगं दाराच्या चौकटीला धरून उभं होतं. मागं वळून बघितलं तर रडंल, म्हणून ती वळली नाही. तिकडं ती खडी फोडत होती आणि इकडं त्याला ताप भरला. निरोप पोचला नाही. ती आली तेव्हा मातीसुद्धा देऊन झाली होती. सासरचे म्हणाले, आईच जाग्यावर नव्हती तर लेकरू कसं जगंल? तेव्हा दादा जाऊन तिला घेऊन आले, ती कायमची.

“तुम्हाला माहीत होतं,” चैताली म्हणाली. “मी पौर्णिमेला टाकलं तेव्हा माहीत होतं.”

दादांनी चष्मा पुसला. माहीत होतं म्हणजे, ते म्हणाले, ओवीत काय हाय ते न्हवतं माहीत. नाव ऐकलं तसं वाटलं. पण लोक त्याच्यापुढं हात जोडू लागलते. जिवंतपणी त्या नावाला कुणी विचारलं न्हाय, आता सगळी दुनिया विचारतीय, तिला बरंच वाटंल असं मनाला वाटलं. न्हायतर ती बोलली असती. आन तिनं कधी त्याचं नाव काढलं न्हाय, मग आपण तरी कसं काढायचं?

तेवढ्यात भिंतीपलीकडून सुपाचा आवाज आला, फट फट आणि मग सरकन. चैताली त्या आवाजाकडं निघाली. दादा उठले, पुन्हा बसले.

आत्या अंगणात तूर पाखडत होती. उन्हं कलली होती आणि फोलपटं त्या उन्हात चमकत उडत होती. भाचीला बघून तिनं सूप थांबवलं नाही. फक्त पायानं पोतं सरकवून बसायला जागा केली. मग तिला नीट न्याहाळून म्हणाली, मोबाईलला दोन टायमाला चार्जिंग करतीस, सोताला कवा करणार? गळ्याची हाडं मोजून घ्यावी. करडईची भाजी हाय, भाकरी हाय, खाऊन घे, मग काय ते बोल. चैताली पोत्यावर बसली. भिंतीशी जातं होतं, वरचं पाळं काढून शेजारी उभं केलेलं. ती त्याच्याकडं बघायची टाळत होती.

माफी कशी मागतात, हे तिला येत नव्हतं असं नाही. माणसांशी कसं बोलावं यावर ती तासभर बोलू शकली असती: आवाज खाली, नजर समोर, पहिल्या वाक्यात मुद्दा. तिनं तसलं एक वाक्य गाडीत तयारही केलं होतं. ते आता तिला आठवलं आणि तोंडात तुरीचं फोल यावं तसं लागलं. इतकी वर्षं ती न दिसणाऱ्या माणसांशी जवळिकीनं बोलायला शिकली होती, आणि हातभर अंतरावर बसलेल्या या बाईशी बोलायला तिच्याकडं एक शब्द धड नव्हता. ज्या मांडीवर झोपून ती मोठी झाली, ती जागा तिला कुणाच्या तरी रिकामपणानं मिळाली होती. आत्या पहाटे तिला मांडीवर घेऊन दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारत होती, आणि ती त्या हाकेवर झोपी जात होती. ओवीत स्वतःचं नाव ऐकून आपण रडलो, आणि त्याच्या मागोमाग आलेल्या नावाच्या ओवीला कात्री लावली.

“मी काढलं ते,” शेवटी ती म्हणाली. “माझ्याकडचं काढलं, आत्या. लोकांकडचं निघत न्हाय.”

आत्या पाखडत राहिली. खडा दिसला, तो उचलून टाकला.

“दादांनी सांगितलं. सुगतचं.”

सूप थांबलं. मग पुन्हा चालू झालं, पण ताल गेला होता. दाणे सुपाबाहेर पडायला लागले तशी आत्यानं ते खाली ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. चैताली बोलत सुटली. मला ती पुढची ओळ सांग. मला आठवंना. रोज तुझ्या मांडीवर ऐकली असंल, तरी येत न्हाय. मी पुन्हा सगळी ओवी घेते, पुरी, कुठं कापत न्हाय, खाली खरं लिहिते, तुझं लेकरू म्हणून लिहिते. लोकांना कळू दे. बोलता बोलता तिचं तिलाच ऐकू आलं, की ती पुन्हा एक व्हिडिओच मागते आहे.

भिंतीवरून शेळीनं मान काढली. आत्यानं तिला हाकललं नाही. तिचे ओठ हलले. चैतालीला वाटलं ओवी येणार, खालचा तो खरबरीत गळा लागणार, आणि तिचं सगळं अंग कान झालं. पण आत्या गायली नाही. रेशनच्या दुकानात नाव सांगावं तशा कोरड्या आवाजात तिनं सांगितलं:

“हाताला धरून, आत घेती त्याची आई. एवढंच हुतं.”

चैतालीनं ती ओळ मनात पहिलीला जोडून पाहिली. इतकी साधी. लहान लेकराला कळंल एवढी. “मग म्हण ना आत्या,” ती म्हणाली, अगदी लहान आवाजात. “माझ्यासाठी नको. माईक नाय आणला. तुझी तू म्हण.”

“येत न्हाय.”

“आता तर सांगितलीस.”

“सांगाया येती. म्हणाया येत न्हाय.” आत्या तिच्याकडं बघत नव्हती, घराच्या दाराकडं बघत होती, जिथं कुणी नव्हतं. “वाट बगून बगून बसले म्या जात्यावर, तू गेल्यावर. लई डाव बसले. पहिली वळ म्हणते, वैरण घ्याया वाकते, आन् तवर तुजा त्यो ढोल वाजतुय डोस्क्यात. पुन्ना पहिलीच वळ येती. पुन्ना पहिलीच.” तिनं पदरानं तोंड पुसलं, डोळे पुसले नाहीत. “त्या दिशी म्या वळून बगितलं न्हवतं. म्हून रोज सकाळी जात्यावर बसून त्याला आत घेत हुते, चैते. रोज घेत हुते. कुणाला म्हाईत न्हवतं. आता मला बी घेता येईना झालंय. तू माझं लेकरू दारातच उभं ठिवलंस.”